सॅडल म्हणजे खोगीर, जीन, की आणखी काही?

सॅडल या शब्दाला मराठीत नेमकं काय म्हणायचं? डिक्शनरीत खोगीर आणि जीन दोन्ही दिलंय. पण मी ज्या मजकुराचं भाषांतर करतेय त्यात हा शब्द बऱ्याच ठिकाणी आलाय आणि दरवेळी अर्थ वेगळा, एकदा डोंगर, एकदा गणित, एकदा पेशंटची तपासणी, आणि एका वाक्यात तर कंपनीच्या डोक्यावर कर्ज. सगळीकडे खोगीर लिहिलं तर वाचणारा चक्रावेल. जाणकारांनी सांगा प्लीज.

—

सगळीकडे खोगीर चालणार नाही हे खरंच आहे, पण जिथे छान चालतं तिथेही आपण उगाच बिचकतो असं माझं स्पष्ट मत आहे, त्यावर येतोच. आधी घोड्याचं बघू.

खोगीर आणि जीन हे दोन्ही शब्द फारसीतून आलेत पण मुळात ती एक वस्तू नाही. खोगीर मधला पहिला भाग म्हणजे फारसी खोय, म्हणजे घाम, आणि गीर म्हणजे घेणारा, धरणारा, तोच जो बारगीर मध्ये आहे आणि जहांगीर मध्येही आहे. तर खोगीर म्हणजे घाम टिपून घेणारं, घोड्याच्या पाठीला लागून असणारी जाड भरलेली गादी. जीन म्हणजे लाकडी सांगाड्यावर चामडं चढवून केलेली घट्ट बैठक. मराठीत येता येता दोन्हीची सरमिसळ झाली आणि खोगीर हा शब्द अख्ख्या बैठकीलाच लागला, त्यामुळे आज कुणी घोड्यावर खोगीर चढवलं म्हटलं तर ते बरोबरच आहे. जीन करणारे ते जिनगर, हे समाजाचं नाव म्हणून अजून आहे, आडनाव म्हणूनही आहे, पण त्यातला जीन म्हणजे काय हे नव्या पिढीला सांगावं लागतं.

त्याही आधीचा आपला शब्द पलाण. संस्कृत पर्याण, प्राकृत पल्लाण, मग पलाण, आणि त्यावरून पलाणणे असं क्रियापदसुद्धा होतं, घोडा पलाणला म्हणजे जीन कसून तयार केला. किती सुटसुटीत आहे बघा, एका शब्दात काम. मला हा शब्द गेल्याचं मनापासून वाईट वाटतं, कारण आता त्याच गोष्टीला आपण जीन चढवून तयार करणे असं चार शब्दांचं शेपूट लावतो.

हत्तीवर मात्र यातलं काहीच नाही. तिथे हौदा, आणि वर छत असेल तर अंबारी, दोन्ही अरबी-फारसीतून आलेले. म्हैसूरच्या दसऱ्याची सोन्याची अंबारी साधारण ७५० किलोची आहे, ती पाठीवर घेऊन हत्ती चालतो. आणि पोळ्याला बैलाच्या अंगावर घालतो ती झूल, ती शोभेची, तिच्यावर कुणी बसत नाही, म्हणून तिला सॅडल म्हणू नये.

आता तुमच्या कर्जाच्या वाक्याकडे. इंग्रजीत कुणावर तरी नको असलेलं ओझं लादलं की त्याला सॅडल केलं म्हणतात. मराठीत तिथे घोड्याचा काही संबंधच नाही. आपण म्हणतो माथी मारलं, गळ्यात घातलं, फारच राग असेल तर बोकांडी बसवलं. तेव्हा जुन्या मालकांनी कंपनीच्या माथी कर्ज मारलं असं लिहा, वाचणारा अडखळणार नाही.

आणि इंग्रजीत सत्ता हातात असली की माणूस सॅडलमध्ये असतो. आपल्याकडे सत्तेला सूत्रं आहेत, लगाम आहेत, पण बैठक पक्की होण्याला आपला शब्द मांड. घोड्यावर मांड ठोकली, मांड पक्की बसली. म्हणजे आपण त्या चामड्याच्या वस्तूकडे बघितलंच नाही, बसणाऱ्याच्या मांड्यांची पकड बघितली, आणि ज्याने कधी घोडा चालवलाय तो सांगेल की पडायचं नसेल तर तीच पकड लागते.

मराठीने खोगिरातून लाक्षणिक असं काय उचललं तर खोगीरभरती. आत कोंबलेल्या चिंध्या, कुणी बघणार नाही म्हणून हाताला येईल ते भरलेलं. समितीत जागा रिकाम्या होत्या म्हणून चार नावं घातली, अंकाची पानं भरायची म्हणून दोन रटाळ लेख घातले, ही खोगीरभरती. इंग्रजी भाषेने सॅडलचा आकार घेतला, मधे खोल आणि दोन बाजूंनी वर उठलेला, आणि त्या आकाराच्या दिसेल त्या वस्तूला ते नाव देत गेली. आपण आकार घेतलाच नाही. म्हणून तुमचा घोळ होतोय. डोंगर, गणित, हाडं हे सगळे आकारावरून आलेले अर्थ आहेत.

—

डोंगराचं मी सांगते कारण ट्रेकला हा शब्द सारखा येतो. आमच्यात सर्रास कोल म्हणतात किंवा सॅडल म्हणतात, आणि गावातला वाटाड्या त्याच जागेला खिंड म्हणतो. राजमाचीला श्रीवर्धन आणि मनरंजन असे दोन बालेकिल्ले आहेत आणि मधल्या सखल भागात भैरवनाथाचं देऊळ आहे, ते देऊळ बरोबर सॅडलमध्ये आहे. लोहगड आणि विसापूरच्या मधे गायमुख खिंड. पुरंदर आणि वज्रगडाच्या मधे भैरवखिंड. म्हणून भाषांतरात सरळ खिंड लिहा.

—

खिंड नेहमी बरोबर बसेल असं नाही, इथे मी थोडा अडेन. खिंड म्हणताना आपल्या मनात ओलांडण्याची वाट असते, एका बाजूने चढून दुसऱ्या बाजूला उतरायचं, आणि दोन्हीकडे कडे किंवा उंच उतार. पावनखिंड, जिचं आधीचं नाव घोडखिंड, तिथे १६६० च्या जुलैत बाजीप्रभूंनी वाट अडवली ती वाट अरुंद होती म्हणूनच अडवता आली. सॅडल म्हणताना मात्र बघणारा डोंगराच्या धारेवरून, म्हणजे माथ्याच्या अरुंद कण्यावरून, चालत असतो, एका शिखरावरून उतरून दुसऱ्यावर चढायचं आणि मधला जो सखल भाग तो सॅडल. जागा अनेकदा एकच, पण चालण्याची दिशा काटकोनात.

भैरवखिंडीचं उदाहरण तुम्ही फार चांगलं दिलंत कारण तिथे हे दोन्ही अर्थ महत्त्वाचे ठरले. १६६५ साली मिर्झाराजे जयसिंग आणि दिलेरखानाने पुरंदरला वेढा घातला तेव्हा आधी वज्रगड घेतला, एप्रिल महिन्यात, कारण वज्रगड आणि पुरंदर एकाच धारेने जोडलेले आहेत आणि वज्रगडावरून पुरंदरच्या खालच्या भागावर तोफा डागता येतात. पुढे मुरारबाजी पडले आणि ११ जूनला तह झाला. तर नकाशावर वरून बघणाऱ्याला ती खिंड, आणि वज्रगडावरून पुरंदरकडे तोंड करून उभं राहिलेल्याला ते खोगीर. त्यामुळे ओलांडायची वाट असेल तर खिंड, धारेचा सखल भाग असेल तर खोगीर किंवा नुसतं दोन शिखरांमधला सखल भाग. एव्हरेस्ट आणि ल्होत्सेच्या मधला साउथ कोल, साधारण ७,९०० मीटरवरचा, त्याला खिंड म्हटलं तर मला तरी खटकतं, तिथून पलीकडे कुणी बाजाराला जात नाही, तिथे शेवटचा कँप लागतो.

आणि याच कारणाने गणितात खोगीर अगदी चपखल बसतं. राजमाचीच्या त्या देवळापाशी उभे राहा असं समजा. श्रीवर्धनकडे बघितलं तर चढ, मनरंजनकडे बघितलं तरी चढ, म्हणजे त्या रेषेत तुम्ही सर्वात खाली आहात. आता काटकोनात वळा, दोन्ही बाजूंना उतार, म्हणजे त्या रेषेत तुम्ही सर्वात वर. एकाच जागी सर्वात खालीही आणि सर्वात वरही, आणि पायाखाली जमीन क्षणभर सपाट. हाच सॅडल पॉइंट. एक्सचा वर्ग वजा वायचा वर्ग असं समीकरण काढलं की शून्यापाशी हा आकार मिळतो, डब्यात एकावर एक रचून येणारे बटाट्याचे वाकडे चिप्स असतात ना तसा. हिंदीत याला पल्याण बिंदु लिहितात, म्हणजे त्यांनी आपला जुना पर्याणच उचलला. मराठीत खोगीर बिंदू म्हणा, बिनधास्त म्हणा, विद्यार्थ्याला घोडा डोळ्यासमोर येतो आणि आकार कळतो, यापेक्षा परिभाषेकडून अजून काय पाहिजे.

याचाच एक प्रकार मंकी सॅडल, एक्सचा घन वजा तीन एक्स वायचा वर्ग, त्यात तीन चढ आणि तीन उतार असतात, दोन उतार माकडाच्या दोन पायांना आणि तिसरा शेपटीला. हे मराठीत माकडाचं खोगीर म्हणून सांगितलं की वर्गातलं शेवटचं बाकही ऐकतं.

खेळसिद्धांतातही, म्हणजे गेम थिअरीत, हा शब्द येतो, एक जण आपला कमीत कमी फायदा जास्तीत जास्त करायला बघतो, समोरचा आपलं जास्तीत जास्त नुकसान कमीत कमी करायला बघतो, आणि दोघांचं जिथे जुळतं तो खोगीर बिंदू. जॉन फॉन नॉयमन यांनी १९२८ मध्ये यावरचं मुख्य प्रमेय मांडलं. आणि आता तुमच्या मजकुरात मशीन लर्निंग असेल तर तिथेही हाच, शिकवताना उतार शोधत खाली जाणारं गणित अशा जागी रेंगाळतं कारण तिथे उतार जवळजवळ शून्य असतो आणि वाटतं की तळ आला, तळ मात्र आलेला नसतो.

—

आमच्याकडे शेतात सॅडल म्हणजे पाईपलाईनचं. पीव्हीसीच्या मेन लाईनवरून फाटा काढायचा असला की पाईपला भोक पाडायचं, वर सॅडल बसवायचं, आत वॉशर, आणि नटबोल्ट आवळायचे. दुकानात जाऊन खोगीर द्या म्हटलं तर दुकानदार माझ्याकडे बघत राहील 🙂 वायरमन पण भिंतीवर पाईप धरून ठेवायच्या पट्टीला सॅडलच म्हणतो.

—

अगदी बरोबर, आणि तिथे ते बदलूच नये. पाईप म्हणजे घोड्याची पाठ आणि वरून मारलेली पट्टी म्हणजे जीन, आकार तोच, पण शब्द कारागिराच्या तोंडी सॅडल म्हणून रुळलाय तर तो आता मराठीच आहे. नगरपालिकेच्या लाईनवरून घरचं नळ कनेक्शन घेतानाही फेरूलच्या, म्हणजे मेन लाईनला लावायच्या जोडणीच्या तुकड्याच्या, खाली अनेकदा सॅडल असतं. आयटीआयमधे लेथ शिकलेल्या कुणालाही विचारा, बेडवर सरकतं ते सॅडल, त्याच्यापुढे लटकतं ते एप्रन, वर क्रॉस स्लाइड. ही भाषा हातात ग्रीस लागलेल्या लोकांची आहे, तिच्यात पुस्तकी शब्द घुसवला तर फिटरच्या कामाचं ते पुस्तक कुणी उघडणार नाही.

छपाईतही आहे. मधोमध घडी घालून, घडीवर पिना मारून जी पुस्तिका होते तिला सॅडल स्टिच, कारण घडीचे कागद मशीनवर घोड्यावर टाकल्यासारखे टांगलेले असतात. आपल्या प्रेसमधे त्याला सेंटर पिन म्हणतात आणि मला तो शब्द जास्त आवडतो. अशा पुस्तिकेची पानं चारच्या पटीतच लागतात, त्यामुळे शेवटी दोन पानं उरली की खोगीरभरती होतेच.

वाद्यांचं एक राहिलं. गिटारच्या ब्रिजमधे तारांखाली जी पांढरी पट्टी असते तिला ते सॅडल म्हणतात. आपल्याकडे सतार-तंबोऱ्याच्या तारा जिच्यावरून जातात ती घोडी. म्हणजे आपण तारांना घोड्यावर बसवलं, इंग्रजीत खोगिरावर. व्हायोलिनच्या ब्रिजला फ्रेंचमधे जो शब्द आहे त्याचाही अर्थ छोटा घोडाच. हे मला फार सुंदर वाटतं.

—

पेशंटच्या तपासणीचं वाक्य काय करू? त्यात सॅडल भागात बधिरपणा येणे असं आहे, पाठदुखीच्या माहितीपत्रकात.

—

इथे कृपा करून खोगीर लिहू नका, आणि सॅडलही नको. हा अर्थ जिवाशी आहे. घोड्यावर बसल्यावर शरीराचा जो भाग खोगिराला टेकतो तो, म्हणजे गुदद्वाराभोवती, जननेंद्रियांजवळ आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला बधिर होणं. पाठदुखीच्या पेशंटला हे झालं, लघवी अडली किंवा कळेनाशी झाली, तर मणक्याच्या खालच्या टोकाच्या नसांच्या जुडग्यावर दाब आलेला असू शकतो आणि त्याच दिवशी हॉस्पिटल गाठावं लागतं, उशीर केला तर कायमचं नुकसान होतं. असल्या माहितीपत्रकात आजीबाईंनासुद्धा जागा कळली पाहिजे, म्हणून सरळ भागांची नावं लिहा, लाजू नका.

डॉक्टरांसाठीच्या मजकुरात मात्र खोगीर चालेल. अंगठ्याच्या बुडाशी मनगटाजवळ जो सांधा आहे तो खोगीर सांधा, दोन हाडं एकमेकांवर आडवी-उभी बसलेली, त्याच्यामुळेच अंगठा वळून बाकीच्या बोटांना टेकतो. आणि कवटीच्या तळाच्या हाडात एक खळगा आहे ज्यात पीयूषिका (पिट्युटरी) ग्रंथी बसते, त्याचं लॅटिन नाव सेला टर्सिका, म्हणजे तुर्की खोगीर.

—

एक शंका, जीन लिहिलं तर लोक पँट समजतील का? आणि आमच्या जळगावकडे जीन म्हणजे कापसाची जिनिंग फॅक्टरी.

—

समजतील, म्हणूनच मी शक्यतो खोगीर सुचवतोय. जीन या एका उच्चारावर मराठीत आता गर्दी झालीय. घोड्याचं जीन फारसी, खानदेश-विदर्भातलं कापसाचं जीन इंग्रजी, सरकी वेगळी करणाऱ्या यंत्राचं नाव. पँटचं कापड आलं इटलीतल्या जिनोव्हा शहराच्या नावावरून. आणि जीवशास्त्रातली जीन वेगळीच. यांचं एकमेकांशी काही नातं नाही, नुसता आवाज सारखा. ऐतिहासिक मजकुरात आजूबाजूला रिकीब (पाय ठेवायची कडी), लगाम, तंग (पोटाखालचा पट्टा) असे शब्द असतील तर जीन खुशाल वापरा, संदर्भ सांभाळून घेतो. एकट्या वाक्यात खोगीर.

सायकलच्या सॅडलला सीट म्हणा, दुकानात सगळे तेच म्हणतात. आणि रेसकोर्सवरचा मजकूर असेल तर सॅडलच ठेवा, तिथे जॉकीचं वजन सॅडलसकट होतं आणि कमी भरलं तर शिशाच्या पट्ट्या घालतात, त्या सगळ्या जगाची भाषा इंग्रजीच आहे.

मला एक विचारायचंय, सारंगखेड्याच्या घोडेबाजारात जाणारं इथे कुणी आहे का? घोड्याचं सामान विकणारे तिथे बसतात, ते लोक आज पोटाखालून जाणाऱ्या पट्ट्याला तंगच म्हणतात की पट्टा, आणि पलाण हा शब्द त्यांच्यातल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी अजून आहे का, हे कुणी विचारून लिहिलं तर फार बरं होईल.