विहीणबाईंच्या घराण्याचा फ्रान्समधील किल्ला कसा शोधावा?

राजारामपुरीची आजी:
नमस्कार. माझी मुलगी फ्रान्समध्ये ल्यों येथे स्थायिक आहे आणि जावई तिकडचेच आहेत. विहीणबाईंचे आजोळ पेरिगोर प्रांतातले असून, त्या घराण्याकडे मध्ययुगात दोर्दोन्य नदीच्या खोऱ्यातला एक किल्ला होता, असे त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितले जाते. मात्र तो कोणता, हे घरात कोणालाही ठाऊक नाही. येत्या सप्टेंबरमध्ये मी तिकडे जाणार आहे, तेव्हा नातवाला घेऊन हा किल्ला शोधावा, असा आम्हा दोघी विहिणींचा बेत आहे. आमच्या गावी हेळवी, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी राखणारा, येऊन वही वाचतो, त्यामुळे पूर्वजांची नावे निदान कानावरून तरी जातात. फ्रान्समध्ये अशी नोंद कोणाकडे मिळते, आणि गुडघ्यांना फार त्रास न देता कोणते किल्ले पाहता येतील?

मोडीवाचक, शिवाजी पेठ:
ताई, तिकडे हेळव्याचे काम पूर्वी चर्चच्या पाद्र्याने आणि पुढे नगरपालिकेने केले आहे. बाप्तिस्म्याची नोंद ठेवावी, असा राजाचा हुकूम 1539 मध्ये निघाला, लग्ने आणि दफनांच्या नोंदींचा हुकूम 1579 मध्ये आला, आणि राज्यक्रांतीनंतर 1792 पासून जन्म, विवाह व मृत्यू यांची नोंद सरकारी झाली. ही दप्तरे प्रत्येक जिल्ह्याच्या अभिलेखागारात असतात. जुना पेरिगोर प्रांत म्हणजे साधारण आजचा दोर्दोन्य जिल्हा; त्याचे अभिलेखागार पेरिग्यू शहरात आहे आणि तेथील जुन्या नोंदवह्यांची छायाचित्रे संकेतस्थळावर पाहता येतात, म्हणून निम्मे काम ल्योंच्या घरी बसूनच उरकेल. अलीकडच्या 75 वर्षांतील जन्म-विवाहाच्या नोंदी मात्र सर्वांसाठी खुल्या नसतात. तेवढ्या पिढ्यांचे कागद विहीणबाईंनी घरातूनच जमवावेत.

आजोळचा शोध तिकडे आपल्यापेक्षा सोपा आहे, असे माझे मत आहे. आपल्या वंशावळींत लेकींची नावे बहुधा गाळलेली असतात, त्यामुळे आजीच्या माहेरचा धागा लगेच तुटतो. फ्रेंच नोंदींत मात्र स्त्रीचे माहेरचे आडनाव लग्नानंतरही कायम लिहिले जाते आणि 1792 नंतरच्या विवाहनोंदींत वधूवरांच्या आईवडिलांची नावेही येतात. एका विवाहनोंदीवरून मागच्या विवाहनोंदीकडे, असे पायरीपायरीने गेल्यास बहुतेक घराणी सतराव्या शतकापर्यंत पोहोचतात.

त्याआधीचा काळ मात्र सामान्य घराण्यांसाठी जवळजवळ अंधाराचा आहे. घराणे खरोखर सरदारांचे असेल, तर 1666 पासून चौदाव्या लुईच्या कारकिर्दीत झालेल्या सरदारकीच्या चौकशीत त्याचा उल्लेख असण्याचा संभव आहे, कारण करमाफी उपभोगणाऱ्यांना तेव्हा जुने कागद दाखवून आपला हक्क सिद्ध करावा लागला होता; इंग्रजी अमदानीत इनामांचे हक्क तपासणाऱ्या आपल्याकडच्या इनाम कमिशनची आठवण यावी, असाच तो प्रकार होता. पुढे जुलै 1793 मध्ये सरंजामी हक्कांचे दस्त जाळण्याचा कायदा झाला आणि बरेच काही नष्ट झाले.

भुदरगडचा वाटसरू:
थोडे स्पष्ट लिहितो, राग मानू नये. आडनाव किल्ल्याच्या गावावरून पडले आहे, एवढ्यावरून मालकी सिद्ध होत नाही. वडगावकर आडनावाचा प्रत्येक मनुष्य वडगावचा पाटील नसतो, आणि फ्रेंच आडनावांच्या आधी येणारे ‘द’ हेही सरदारकीचे प्रमाण नव्हे.

दुसरे म्हणजे, ‘किल्ला आमचा होता’ याचा अर्थ संपूर्ण किल्ला एकाच घराण्याचा होता, असा घेऊ नये. याच भागातील कोमार्क या किल्ल्याच्या आवारात अनेक सरदार घराण्यांनी आपापले बुरुजवाडे बांधले होते. तो दीर्घकाळ झाडीत पडून होता. विसाव्या शतकात कोमार्क आडनावाच्याच एका गृहस्थांनी तो विकत घेऊन सावरला. कास्तेलनो हा किल्ला तर चौदाव्या शतकात मुलीच्या लग्नामुळे कोमों घराण्याकडे गेला. त्यामुळे शोध घेताना एका आडनावाला चिकटून राहू नये.

पाहण्याच्या दृष्टीने बेनाक आणि कास्तेलनो ही जोडी चुकवू नये. दोर्दोन्यच्या दोन काठांवर हे किल्ले समोरासमोर उभे आहेत, आणि 1337 ते 1453 या काळात चाललेल्या शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रान्सच्या राजाचा, तर कास्तेलनो बराच काळ इंग्रजांच्या बाजूचा होता. कास्तेलनोत मध्ययुगीन युद्धसाहित्याचे संग्रहालय आहे आणि दगड फेकणारी मोठी यंत्रेही मांडलेली आहेत, तेव्हा नातू तेथून लवकर हलणार नाही.

हे किल्ले शाबूत दिसले, तरी सगळेच तसे राहिलेले नाहीत. सरहद्दीवर नसलेल्या किल्ल्यांची तटबंदी पाडावी, असा हुकूम तेराव्या लुईने आपला मुख्यमंत्री रिशेल्यू याच्या काळात, 1626 मध्ये काढला होता. आपल्याकडे 1844 च्या गडकऱ्यांच्या, म्हणजे किल्ल्यांवरील वंशपरंपरागत शिबंदीच्या, उठावानंतर इंग्रजांनी पन्हाळ्याचा चार दरवाजा पाडला, त्यामागेही हाच हिशेब होता, की उद्या कोणी बंड केले तर त्याला आसरा मिळू नये.

बोर्दोवासी कागलकर:
मावशी, सप्टेंबरचा तिसरा शनिवार-रविवार साधता आला तर पाहावा. त्या दोन दिवशी फ्रान्सभर वारसादिन असतात आणि एरवी बंद असणाऱ्या कित्येक खाजगी वास्तूही पाहायला मिळतात. जे किल्ले आजही लोकांची राहती घरे आहेत, त्यांच्या मालकांना आधी पत्र पाठवावे. सोबत वंशावळीची प्रत जोडल्यास आपण कोण, हे त्यांना कळेल. मुक्काम सार्ला गावी करावा, तेथे बोर्दोहून थेट रेल्वे येते.

राजारामपुरीची आजी:
सर्वांचे आभार. विहीणबाईंना त्यांच्या आजीच्या विवाहनोंदीपासून सुरुवात करायला सांगितले आहे. बेनाक आणि कास्तेलनो यांपैकी माझ्या गुडघ्यांना कोणता सोसेल?

बोर्दोवासी कागलकर:
दोन्हीकडे चढ आहे आणि आत दगडी जिनेही आहेत. बेनाकला मात्र नदीकाठच्या गावातून चढू नये. मोटार मागच्या रस्त्याने किल्ल्याजवळच्या वरच्या वाहनतळापर्यंत नेता येते. कोमार्कला वाहन दूर ठेवून रानातून चालावे लागते, तेव्हा तो जावई आणि नातवासाठी राखून ठेवावा.