म्युनिक : घरी माणसं जमवायची आहेत, पण कंबरडं न मोडता. सल्ला हवा

वाटाणा :
नमस्कार मंडळी. दीड वर्षापूर्वी म्युनिकला आलो. ओळखी खूप झाल्या, पण सगळ्या "भेटू या हं एकदा" छापाच्या. दिवाळीला हौसेनं बारा जणांना जेवायला बोलावलं. दोन दिवस राबले. मसालेभात, भरली वांगी, वडे, श्रीखंड. त्यात बटाटे चुकीचे आणले. पाकिटावर 'फेस्टकोखंड', म्हणजे शिजूनही घट्ट राहणारे, असं लिहिलेलं, मी काही बघितलं नाही. उकडून उकडून दमले, तरी सारण मऊ होईना, नुसत्या फोडी. वडे तळायला घेतले आणि धुराचा अलार्म बोंबलला. नवरा स्टुलावर चढून टॉवेलनं वारा घालतोय आणि पाहुणे दारात!

सगळे "अप्रतिम" म्हणून गेले. आज पाच महिने झाले, उलट बोलावणं एकाही घरून नाही.

दर महिन्याला काहीतरी सुरू करायचंय. घर दोन खोल्यांचं, खुर्च्या चार, खालच्या मजल्यावरच्या आजी रात्री दहानंतर पाऊल वाजलं तरी वर येतात. कसं जमवता तुम्ही?

खडीसाखर :
वाटाणाताई, राग मानू नका, पण तुमच्या मेनूनं घाबरवलंय त्यांना. चार पदार्थ खाऊन गेलेली बाई घरी जाऊन म्हणते, "आता आपण बोलवायचं म्हणजे निदान पाच हवेत." आणि मग बोलावतच नाही. श्टुटगार्टला आमचंही हेच झालं होतं.

आम्ही सरळ शाळेतली अंगतपंगत सुरू केली. महिन्याचा पहिला रविवार, दुपारी साडेबारा ते तीन. ज्याच्या घरी असेल त्यानं फक्त भात लावायचा, बाकी ज्यानं त्यानं आपला डबा आणायचा. रात्रीची उरलेली भाजी चालते, किंबहुना तीच आणा असं सांगतो. तारीख कोणासाठी हलवायची नाही. तारीख विचारत बसलात की तो बेत मेलाच म्हणून समजा. एकदा आम्ही तिघंच होतो. तिघं जेवलो.

(बटाटेवड्याला 'मेलिशकोखंड' बटाटे घ्या, पिठूळ असतात. आणि श्रीखंडाला ४० टक्केवाला क्वार्क, म्हणजे इथला तयार चक्काच. चक्का टांगायची भानगडच नाही.)

इझारकाठ :
म्युनिकमध्ये राहून घरात कशाला कोंबताय लोकांना? बिअरगार्टनला, म्हणजे झाडाखाली बाकं मांडलेल्या बिअरच्या बागेत जा! खाणं आपलं न्यायचं, पेय तिथलं घ्यायचं, ही इथली जुनी रीत आहे. १८१२ मध्ये राजा पहिला मॅक्सिमिलियन यानं बिअर गाळणाऱ्यांना आपल्या तळघरापाशी बिअर विकायला परवानगी दिली, पण पावाखेरीज खाणं विकायला मनाई केली, कारण खानावळवाले कुरकुरत होते. मग लोक घरून शिदोरी आणायला लागले, ती आजतागायत.

फक्त एक बघा : ज्या टेबलांवर कापड अंथरलेलं असतं तिथे वाढपी येतो, तिथे डबे उघडू नका. उघड्या लाकडी बाकांवर बिनधास्त बसा. बिअरच घेतली पाहिजे असं नाही, सफरचंदाचा रस आणि सोडा, म्हणजे आप्फेलशोर्ले, सगळीकडे मिळतो. ग्लासाचं डिपॉझिट परत घ्यायला विसरू नका. हिर्शगार्टन नावाच्या बिअरगार्टनला मुलांना खेळायलाही आहे. आम्ही थालीपीठं, लोणी आणि ठेचा नेतो.

सडाफटिंग :
दुसऱ्या बाजूनं सांगतो. मी मास्टर्सला आलो तेव्हा मला बोलावणारे बरेच होते, पण मी टाळायचो. सगळ्यांच्या हातात डबे आणि मी दुकानातला केक घेऊन उभा, लाज वाटायची. मग एका काकूंनी सांगितलं, "तू काकड्या आण आणि इथे येऊन कोचव." दर वेळी कोशिंबीर माझ्याकडे. एकदाही चुकवलं नाही त्यानंतर. ज्याला स्वयंपाक येत नाही त्याला 'तू नुसता ये' म्हणू नका हो, काम द्या.

तिखटमीठ :
कोशिंबिरीवरून आठवलं. दाण्याचं कूट! आपण कशात घालत नाही? भरल्या वांग्यात, खिचडीत, कोशिंबिरीत. माझ्या मुलाच्या वर्गातल्या मुलाला शेंगदाण्याची ॲलर्जी होती. त्याच्या आईनं विचारलं म्हणून वाचलो, त्यानं घास उचललेला होता. तेव्हापासून डब्याच्या झाकणावर कागदी टेप आणि त्यावर तीन शब्द : दाणे, काजू, अंडं. जे असेल त्याला गोल.

आणि फक्त मराठी लोकांचं करणार असाल तर माझा विरोध नोंदवून ठेवा.

खडीसाखर :
@तिखटमीठ, अर्धं पटलं. पण आठवडाभर ऑफिसात जर्मन-इंग्रजी झाल्यावर दोन तास मराठीत बोलायला मिळतं म्हणून तर मी जाते. आमच्यात एकाची बायको पोलिश आहे. ती आली की दहा मिनिटं सगळे इंग्रजीत, मग हळूहळू गाडी मराठीवर, आणि ती बिचारी मुलांशी खेळत बसते. याला उपाय मला सापडलेला नाही.

तिखटमीठ :
तिला पोळ्या लाटायला बसवा तुमच्याबरोबर. हात चालू असले की भाषा लागत नाही फार.

इझारकाठ :
खालच्या आजींना आधी चिठ्ठी टाका : अमुक दिवशी, इतक्या ते इतक्या वाजेपर्यंत. संपायची वेळ लिहिलीत की इथली माणसं निम्मी शांत होतात. सोबत चार शंकरपाळे.

वाटाणा :
मंडळी, झाली पहिली! हिर्शगार्टनला, रविवारी दुपारी. नऊ जण. मी फक्त दहीभात नेला. खरंच फक्त दहीभात, नवऱ्याला पटेना. दिवाळीला आलेल्यांपैकी दोन घरं होती. त्यातली एक उरलेली फ्लॉवरची भाजी घेऊन आली आणि म्हणाली, "तुझ्याकडे यायचं म्हणजे टेन्शनच यायचं गं."

खालच्या आजींना शंकरपाळे दिले. त्यांनी डबा धुऊन, आत प्लमचा केक घालून परत पाठवला. आता तो डबा रिकामा कसा पाठवू?

घोळ एकच : चमचे कोणीच आणले नव्हते. दहीभात सगळ्यांनी हातानं खाल्ला, बाजूच्या बाकावरची मंडळी बघत होती.

सडाफटिंग :
पुढच्या रविवारी काकड्या आणि चमचे माझ्याकडे. कितीला येऊ?