मदत हवी आहे: सावर क्रीमचा आंबटपणा लिंबाने का येत नाही?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात पाचपाखाडीला राहतो. भाची आणि भाचेजावई महिनाभरासाठी आले आहेत. जावई पोलंडचे. थालीपीठ, वरण-भात, अगदी कारल्याची भाजीसुद्धा आवडीने खातात. परवा बीटचं सूप केलं, तेव्हा म्हणाले की आमच्याकडे यात आंबट साय, म्हणजे सावर क्रीम, घालतात. तेव्हापासून मला चुटपुट लागली आहे.

टेट्रापॅकमधलं २५ टक्के फॅटचं क्रीम आणून त्यात लिंबू पिळलं. दाट झालं, आंबट झालं, पण चव लिंबाचीच. उकळत्या सुपात घातलं तर फुटलं. त्यांनी वाटी संपवली, पण मला कळलंच.

मग मॉलमधून सावर क्रीमचा डबा आणला. त्याचा आंबटपणा वेगळाच, सौम्य, आणि मागाहून लोण्याची चव. घटकांत फक्त क्रीम आणि कल्चर. मग आंबट होतं कशाने? दही लावून क्रीम रात्रभर ओट्यावर ठेवून पाहिलं, सकाळी झणझणीत आंबट आणि पाणी सुटलेलं. शनिवारी ते निघतील. त्याआधी एकदा नीट जमायला हवं.

प्रतिसाद, नेरूळहून:

ताई, लोणी काढायला साय विरजतो ना, ते पातेलं आठवा. सावर क्रीम त्याच घराण्यातलं.

क्रीममध्ये लॅक्टोज, म्हणजे दुधातली साखर असते. कल्चरमधले, म्हणजे विरजणातले, जिवाणू तिचं लॅक्टिक आम्ल करतात. सामू (पीएच; आंबटपणा वाढला की हा आकडा उतरतो) ४.६ च्या आसपास उतरला की केसीन हे प्रथिन गोठतं आणि क्रीम दाटतं. लिंबातल्या सायट्रिक आम्लानेही ते गोठतं, म्हणून तुमचं दाट झालं. पण लोण्याचा वास लिंबू कुठून आणणार? तो डायअसेटिल या रसायनाचा. लॅक्टोकॉकस आणि ल्युकोनोस्टॉकमधले काही जिवाणू दुधातल्या सायट्रेटपासून ते बनवतात.

हे जिवाणू २० ते २५ अंशांत खुलतात. दही झटपट लावणारे ४० च्या आसपास. घरच्या विरजणात बहुधा दोन्ही असतात. सध्या आपल्या ओट्यावर रात्रीही ३० अंश, त्यात आम्ल भराभर वाढतं आणि वासाला सवडच मिळत नाही. मी कपभर क्रीमला चमचाभर ताजं, गोडसर दही लावते आणि काचेची बरणी एसी २४ वर असलेल्या खोलीत ठेवते. १२ तासांनी चाखा. बरणी हलवल्यावर थरथरलं की न ढवळता फ्रीजमध्ये. खरा दाटपणा तिथेच येतो.

सुपाला उकळी असताना घालू नका. गॅस बंद करा, वाटीभर क्रीममध्ये आधी दोन पळ्या गरम सूप मिसळा, मग ते पातेल्यात ओता.

प्रतिसाद, कळव्याहून:

चक्का चालेल का?

नेरूळहून:

गार खायला हरकत नाही. सुपात नको, फॅट कमी आणि प्रथिन जास्त, लगेच कणी पडते. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे साध्या सावर क्रीममध्ये किमान १८ टक्के दुधाचं फॅट लागतं, ते उगाच नाही.

धागाकर्ती:

जमलं! १४ तास लागले. सूप होईपर्यंत जावयांना धीर नव्हता. उकडलेल्या बटाट्यांवर बरणीतलं क्रीम आणि वर चिरलेला शेपू घेऊन बसले. शेपू त्यांच्याकडेही असाच घालतात म्हणे. त्यातलं दोन चमचे बाजूला काढून ठेवलं आहे. पुढच्या वेळी दह्याऐवजी तेच विरजण म्हणून लावलं तर चालेल ना?