मदत हवी आहे: आई-बाबांसाठी ग्रीसमध्ये शिडाच्या बोटीवर एक निवांत दिवस

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या शेवटी आई-बाबा मालवणहून आमच्याकडे जर्मनीत येत आहेत. त्यांना घेऊन चार-पाच दिवस अथेन्सला जायचं ठरलंय. त्यातला एक अख्खा दिवस बाबांसाठी शिडाच्या बोटीवर काढायचा आहे.

माझे आजोबा तांडेल होते. मंगळुरी कौलं भरून त्यांचं गलबत मालवणात यायचं. बाबा लहानपणी दोनदा त्यातून रत्नागिरीपर्यंत गेलेत. आज बहात्तराव्या वर्षीही गच्चीवर कपड्यांची दोरी बांधताना ते आजोबांचीच गाठ मारतात. कितीही ताणली तरी सरकत नाही, आणि सोडायची म्हटलं की एका हिसक्यात मोकळी. "इंजिन नसला की पाण्याचो आवाज येगळोच येता," असं ते सांगत असतात. तो आवाज त्यांना पुन्हा ऐकवायचाय.

एजिना, पोरोस आणि हायड्रा ही तीन बेटं मी नकाशावर हेरली आहेत. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून सकाळी लवकर निघून तिन्ही होतील का? बहीण मागे मोठ्या जहाजाने तशी गेली होती, पण प्रत्येक बंदरात तास-दीड तास झाला की भोंगा, आणि सगळे पळत परत. तसं नको आहे. शिवाय आईला बोट लागते आणि तिचे गुडघे दुखतात. आम्हा दोघांनाही शीड हाताळता येत नाही. कुणी केलं असेल तर सविस्तर सांगा, प्लीज.

प्रतिसाद

आम्ही दोनदा केलंय, त्यामुळे हक्काने सांगते: तीन बेटांचा हट्ट सोडा. शिडाची बोट ताशी पाच-सहा सागरी मैल जाते. पिरेयस ते एजिनाच सतरा मैलांच्या आसपास आहे, तिथून पोरोस आणखी पंधराएक. दिवसभर इंजिनच चालवावं लागेल. मग बाबांना काय ऐकवणार?

त्यापेक्षा आदल्या दिवशी पिरेयसहून जलद फेरीबोटीने पोरोसला या, रात्री तिथेच राहा आणि दुसऱ्या दिवशी फक्त पोरोस ते हायड्रा करा. अंतर साधारण बारा मैल. पोरोसला कप्तानासकट बोट भाड्याने मिळते. कप्तानाशिवाय घ्यायची तर परवाना आणि सोबत अनुभवी माणूस लागतो, तो विषय तुमच्यासाठी संपलाच.

सकाळी लवकर निघायची घाई करू नका. तिथे सकाळी बहुतेक वेळा वारा पडलेला असतो, शीड नुसतं लोंबतं. तेवढ्या वेळात जवळच्या रशियन खाडीत नांगर टाका. रशियन आरमाराच्या जुन्या तळाचे दगडी अवशेष अगदी पाण्यालगत उभे आहेत. अकराच्या सुमारास पोरोस आणि समोरच्या गलातास गावामधल्या चिंचोळ्या खाडीतून बाहेर पडा. तिथे दोन्हीकडची घरं इतकी जवळ येतात की बाल्कनीत वाळत घातलेले टॉवेल मोजता येतात. पुढे स्किली भूशिराला वळसा घातला की हायड्रा समोर दिसतं. उन्हाळी मेल्तेमी वारा उत्तरेकडून येतो आणि सप्टेंबरअखेर त्याचा जोर ओसरलेला असतो. दक्षिणेला जाताना तो पाठीवर मिळतो, परतताना मात्र तोंडावर घ्यावा लागतो. म्हणून बोटीने एकाच दिशेने जा आणि हायड्राहून संध्याकाळी फेरीबोटीने थेट पिरेयस गाठा. बोट परत नेण्याचे पैसे कप्तान वेगळे घेईल, ते आधीच ठरवून घ्या.

स्किलीपाशी थोडी लाट असते. आईंना खालच्या केबिनमध्ये अजिबात जाऊ देऊ नका. उघड्यावर, मागच्या बाजूला बसवा आणि नजर दूर क्षितिजावर ठेवायला सांगा.

आता गुडघे. हायड्राचं बंदर घोड्याच्या नालेसारखं आणि लहान आहे. बोटी पुढून नांगर टाकून पाठ धक्क्याला लावतात आणि मधल्या अरुंद फळीवरून उतरावं लागतं. दुपारनंतर दुसरी-तिसरी रांग लागते, नांगरांच्या साखळ्या एकमेकींत अडकतात. दोनच्या आत पोहोचलात तर पहिल्या रांगेची शक्यता बरी. हे कप्तानाला आदल्या दिवशीच सांगा.

हायड्रा बाबांना नक्की आवडेल. बेटावर मोटारी नाहीत, सामान खेचरं वाहतात. 1821 च्या ग्रीक स्वातंत्र्ययुद्धात इथल्या व्यापारी गलबतांवर तोफा चढवून आरमार उभं राहिलं. आरमारप्रमुख मियाउलिसही इथलाच. धक्क्यावरच्या संग्रहालयात ते सगळं पाहता येतं.

दुसरा प्रतिसाद

वरच्या ताईंशी सहमत. एक भर घालतो: मालवणची माणसं आहेत तर 'गाव्रोस' मागवा. आपल्या मांदेलीच्याच नात्यातला मासा, पिठात घोळवून कुरकुरीत तळतात, काट्यासकट खातात. तिखट नसतं, लिंबू भरपूर मागा. उपासाचा वार असेल तर 'ब्रियाम' मागा, म्हणजे ऑलिव्ह तेलात भाजलेले वांगी, बटाटे, टोमॅटो.

धागाकर्ती

तुम्हा दोघांचे मनापासून आभार. एजिना रद्द. पोरोसची एक रात्र आणि हायड्रा, असंच करतो. एकच शंका: पोरोसला घड्याळाच्या मनोऱ्याजवळ सुंदर खोली मिळतेय. घेऊ का?

प्रतिसाद

नको. मनोरा टेकडीच्या माथ्यावर आहे, वर जायला पायऱ्याच पायऱ्या. धक्क्यालगतची खोली घ्या. आणि कप्तानाला आधीच सांगून ठेवा, बाबांना थोडा वेळ सुकाणू धरू दे म्हणून. आमच्या कप्तानाने माझ्या सासऱ्यांना आनंदाने दिलं होतं.