गिअरबॉक्स घरघरतोय म्हणून १४० नंबर ओतणाऱ्यांनो...

जुनंलोखंड: "मॅसी १०३५ ट्रॅक्टर वाजतोय? १४० नंबरचं घट्ट ऑइल भरा, वर किलोभर ग्रीस कालवा, पाच वर्षं बघायला नको." परवाचा हा सल्ला, आणि खाली नमस्कारांची रांग! अहो, या गाडीत गिअर, क्राउन-पिनियन (मागच्या चाकांना ताकद देणारी गिअरची जोडी) आणि अवजारं उचलणाऱ्या लिफ्टचा पंप एकाच ऑइलात बुडालेले. ग्रीस पंपाच्या जाळीला बसतं, थंडीत सकाळी लिफ्ट उचलत नाही. शिवाय ग्रीसमध्ये गिअर आपल्यापुरती चारी पाडून फिरतो, बेअरिंग कोरडंच राहतं. ही युक्ती गाडी विकणाऱ्याची, चालवणाऱ्याची नव्हे.

आधी कान लावा. न्यूट्रलला क्लच सोडल्यावर घरघर आणि दाबला की बंद, तर इनपुट शाफ्टचं (क्लचकडून येणाऱ्या दांड्याचं) किंवा काउंटर शाफ्टचं (त्याने फिरणाऱ्या खालच्या दांड्याचं) बेअरिंग. दाबल्यावरच किरकिर असेल तर क्लचचं रिलीज बेअरिंग. एकाच गिअरला ठोके म्हणजे त्या जोडीचा दात उडालाय. सगळ्या गिअरला आवाज, ओढताना एक सूर आणि रेस सोडली की दुसरा, तर क्राउन-पिनियन.

बांधावरचा: कान लावून झाला की लगेच गाडीचे दोन भाग, हेच ना? जुन्या स्लायडिंग (सरकून जुळणाऱ्या) गिअरचे दात सरळ कापलेले असतात, ते नवे असतानाही गातात. आधी गरम ऑइल काढा आणि ड्रेनचा चुंबक बघा. बोटाला काळा मऊ लगदा लागला तर ती नेहमीची झीज. चकचकीत पापुद्रे किंवा खडा सापडला तर खोला. ऑइल दुधाळ असेल तर पाणी शिरलंय, लिव्हरचं फाटलेलं रबर बदला. गाडी एकदा उघडली की सील, क्लच प्लेट, पायलट बेअरिंग असा खर्च शेपटासारखा वाढत जातो.

ढेकूळफोड्या: तुम्ही दोघं तेलात बुडालात. खरा रोग गिअर लिव्हरला बांधलेल्या ट्यूबच्या पट्टीत आहे! गिअर सुटतो म्हणून ड्रायव्हर लिव्हर सीटला बांधतो. मग शिफ्टर फोर्क (गिअर सरकवणारा काटा) दिवसभर खाचेच्या एकाच भिंतीवर घासतो आणि त्याचा चुरा बेअरिंगमध्ये. मूळ दोष साधा असू शकतो: गिअर जागेवर धरणारी लॉकची गोळी नि स्प्रिंग मेलेली. आणि हे सगळं कशामुळे? पस्तीस एचपीला उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या!

फडकरी: आला ऊस! गाळप सुरू झालं की वाहनं मिळत नाहीत, ते दिसत नाही. एसीत बसून बोलायला काय जातं?

ढेकूळफोड्या: दिसतं की. उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करता आणि खाली पोचल्यावर चालत्या गाडीत गिअर कोंबता, तेही दिसतं. दातांची टोकं गोल होतात ती तिथेच. गोल टोकाचा गिअर पूर्ण बसत नाही, मग पट्टी बांधायची.

फडकरी: न्यूट्रलचं मान्य, ती चूकच. पण नुसती गोळी-स्प्रिंग टाकून गिअर सुटायचा थांबतो, हे सांगू नका. शाफ्ट मागेपुढे हलत असेल तर नवी गोळीही उडते. आणि मॅसीत स्टिअरिंगची पेटी गिअरबॉक्सच्या डोक्यावरच बसलेली. ती उचलल्याशिवाय तुमची गोळी दिसणारही नाही.

जुनंलोखंड: अखेर कामाचं बोललात. पेटी उचललीच आहे तर टॉमीने (लोखंडी पहारीने) काउंटर शाफ्ट वर-खाली हलवून बघा. हातालाच खेळ जाणवला तर बेअरिंग गेलं. मग दोन भाग करताना पुढच्या ॲक्सलवर दोन्ही बाजूंनी लाकडी पाचरी ठोका, नाहीतर इंजिन पिनवर कलंडेल. खराब गिअर एकटा बदलू नका, जोडी बदला. नवा दात झिजलेल्या दातावर जास्तच ओरडतो. तुटका दात वेल्डिंगने भरून देणाऱ्या लेथवाल्याला तर हात जोडा. वरचा कडक थर उष्णतेने नरम पडतो आणि तोच दात पुन्हा तुटून क्राउनमध्ये जातो.

बांधावरचा: म्हणजे आधी चुंबक, मग पेटी, मग टॉमी. मी वेगळं काय म्हणालो होतो? तरी शंभर ओळी तुमच्याच. आणि ऑइल कुठलं, ते राहिलंच.

जुनंलोखंड: गाडीच्या पुस्तकातलं. जीएल-५ (गिअर ऑइलची एक प्रत) लिहिलेला डबा 'जास्त भारी' म्हणून उचलू नका, आत पितळी बुश असतील तर त्यातली रसायनं ते खातात. बरं, चुंबक तुमचा. ग्रीस मात्र नाही म्हणजे नाही.

फडकरी: आणि पट्टी?

ढेकूळफोड्या: पंक्चरवाल्याला परत द्या.