मदत हवी आहे: काढलेल्या जलपर्णीचं करायचं काय?

नमस्कार मंडळी. आम्ही आठ-दहा जण वनविभागाची परवानगी घेऊन रविवारी नांदूर मधमेश्वरला श्रमदानाला जातो. गोदावरी-कादवेच्या संगमावरचं, निफाड तालुक्यातलं हे पाणथळ २०२० साली राज्यातलं पहिलं रामसर स्थळ (म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाचं पाणथळ) म्हणून जाहीर झालं, हे बहुतेकांना माहीत असेलच.

सध्या जलपर्णी उपसतोय. एकेक गड्डा दोघांनी ओढावा लागतो, मुळांतून काळं पाणी निथळत असतं, वर त्यात गोगलगायी. मागच्या खेपेला काठावर भलाथोरला ढीग रचला. रात्रीत पाणी चढलं आणि अर्धा ढीग परत आत तरंगत! हसावं की रडावं कळेना.

ढिगाचं खत करावं म्हटलं, तर आजूबाजूचे शेतकरी फुकटही घेईनात. बी शेतात येईल ही भीती, आणि ती खोटी नाही. हे बी चिखलात वर्षानुवर्षं टिकतं. खत तापवून बी नक्की मरतं का? कोणी करून पाहिलंय?

दुसरं, पावसाळ्यात कमळपक्षी तरंगत्या पानांवरच अंडी घालतात. हिवाळी पाहुणे यायच्या आत पाणी मोकळं करायचंय, पण त्या पट्ट्याला हात कधी लावावा?

यूट्यूबच्या लिंका नकोत, स्वतः केलेलं सांगा.