मदत हवी आहे: बॉबर केलेली १९८६ ची बुलेट ३५० पुन्हा स्टँडर्ड करायची आहे

कराडची_धकधक:
नमस्कार मंडळी. १९८६ ची बुलेट स्टँडर्ड ३५० आहे, कास्ट आयर्न इंजिन, उजव्या बाजूचा गिअर. आधीच्या मालकाने तिचा बॉबर (कापून-छाटून आखूड केलेली मॉडिफाय गाडी) केला आहे. ती कंपनीतून जशी बाहेर पडली तशी परत करायची आहे. आजची स्थिती:

– मागचा मडगार्ड आणि तो ज्या पाइपांवर बसतो ते पाइप कापलेत. वर एकाची स्प्रिंगची सीट.
– कॅस्केट (हेडलाइटचं मूळ घर) काढून साधा गोल हेडलाइट. अँपिअर मीटर गायब.
– दोन्ही बाजूंच्या पेट्या नाहीत. कार्बोरेटरवर थेट शंकूसारखा फिल्टर.
– आखूड सायलेन्सर, आत जाळी नाही.
– मागे जाड टायर आणि अलॉय व्हील, पुढे डिस्क ब्रेक.
– डिकॉम्प्रेसर (किक मारताना सिलिंडरमधला दाब सोडणारा व्हॉल्व) काढून भोक बोल्टने बंद.
– ब्लॉकच्या पायथ्याशी, टॅपेटच्या झाकणातून, चेनकेसमधून (इंजिनाची साखळी आणि क्लच असलेली पेटी), सगळीकडून ऑइल पाझरतंय.

पेंटर म्हणतो आधी चेसी पावडर कोट करून टाका, मग बाकीचं बघू. सुरुवात कुठून करावी? आणि आरसीचं काय?

पुशरॉड:
पेंटरचं ऐकू नका. रंग सगळ्यात शेवटी. आधी कच्ची जोडणी: मडगार्ड, टाकी, सीट, पेट्या, साखळीचं कव्हर, सायलेन्सर, स्टँड हे सगळं बिनरंगी अवस्थेत गाडीवर बसवून बघा. बाजारात मिळणाऱ्या लोकल मडगार्डची भोकं जागेवर येतीलच असं नाही. पत्राही पातळ असतो. रंगवलेल्या चेसीवर भोक कानशीने ओढलं की तिथून गंज सुरू झालाच म्हणून समजा. मडगार्ड क्रोमला द्यायचा असेल तर तोही फिटिंग झाल्यावरच द्या.

पहिलं काम चेसी. बुलेटच्या इंजिनाखालून पाइप जात नाही. पुढून उतरणारा पाइप इंजिनाच्या पुढच्या प्लेटांपाशी संपतो, म्हणजे इंजिन स्वतःच चेसीचा एक भाग आहे. इंजिन काढून नुसत्या चेसीवर वेल्डिंग केलं तर उष्णतेने पाइप ओढला जातो आणि इंजिनाचे बोल्ट नंतर जागेवर येत नाहीत. त्यामुळे मागचे पाइप जोडताना रिकामी क्रँककेस आणि गिअरबॉक्सच्या प्लेटा बोल्ट आवळून जागेवर ठेवा. मागचं चाक, दोन्ही शॉकप आणि मडगार्डसुद्धा लावून ठेवा. आधी चार ठिकाणी टाका मारा, मापं घ्या, मगच पूर्ण वेल्डिंग, तेही डावं-उजवं आलटून पालटून.

आणि कापलेले तुकडे त्या मालकाकडे अजून पडलेले असतील तर मागून आणा. गंजलेले असले तरी चालतील, माप त्यांच्यावरूनच मिळतं.

कृष्णाकाठ:
कॅस्केटबद्दल सांगतो, कारण इथे बहुतेक जण फसतात. कॅस्केट म्हणजे नुसतं हेडलाइटचं घर नव्हे, शॉकपचा वरचा क्लँप तोच आहे. नळ्यांची वरची टोकं आटे देऊन थेट कॅस्केटमध्ये घट्ट होतात. तुमच्याकडे डिस्क ब्रेकसाठी पुढचा अख्खा सेट बदललेला असणार, म्हणजे नळ्याही वेगळ्या. नुसतं कॅस्केट आणून काम होणार नाही. कॅस्केट, त्यात बसणाऱ्या नळ्या, खालचा क्लँप, ड्रमचे लेग आणि त्या लेगांच्या ॲक्सल कॅप असा संच एकाच गाडीचा मिळाला तर घ्या. ॲक्सल कॅप ज्या लेगची त्याच लेगला लावायची, अदलाबदल केली तर ॲक्सल नीट धरत नाही.

वापरलेलं कॅस्केट घेताना आतल्या आट्यांवर बोट फिरवा. एकदा तिरपी नळी घातलेली असली की आटे चुरलेले लागतात. वरून पॉलिश कितीही चकाकत असू दे, ते घेऊ नका. दोन्ही छोट्या टायगर लॅम्पच्या कडाही बघा, तिथे तडे जातात.

चाकं: पुढे-मागे दोन्हीकडे १९ इंची रिम, ४० तारा, ३.२५-१९ टायर. जाड टायरसाठी स्विंग आर्म (मागचं चाक धरणारा आर्म) रुंद केला आहे का ते आधी तपासा. आतल्या बाजूला ग्राइंडर फिरवलेला दिसला तर तो आर्म बाद.

सहा_होल्ट:
आटे या विषयावर थोडं. या गाडीचे बरेच नटबोल्ट ब्रिटिश आट्यांचे आहेत, पुष्कळसे इंचाला २६ आट्यांचे सायकल थ्रेड. ५/१६ इंच म्हणजे ७.९४ मिमी, त्यामुळे ८ मिमीचा मेट्रिक बोल्ट हाताने दोन आटे जातो आणि पुढे पाना लावला की जुने आटे कापत सुटतो. मॉडिफाय केलेल्या गाडीत असे पाच-दहा बोल्ट हमखास सापडतात. एकेक बोल्ट काढताना थ्रेड गेज लावा आणि जागेचं नाव लिहून पुडीत बांधा. खराब झालेली भोकं लेथवाल्याकडून बुश मारून मूळ मापाची करून घ्या. कोल्हापूरच्या उद्यमनगरात ही कामं रोजची आहेत, तुम्हाला कराडहून लांबही नाही.

वायरिंग: टेप गुंडाळून जोडलेली वायर दुरुस्त करू नका, पूर्ण नवा हार्नेस टाका. पण घेण्याआधी तुमची गाडी आता ६ होल्टवर चालते की १२ वर ते बघा. बॅटरी, बल्ब, हॉर्न, रेक्टिफायर सगळं एकाच होल्टचं हवं. पावडर कोटनंतर अर्थिंगची जागा, बेअरिंगच्या वाट्या आणि सगळे आटे मोकळे राहिले पाहिजेत, नाहीतर लाइट मंद आणि हॉर्न मुका.

पुशरॉड:
आता ऑइल. सगळीकडून एकदम पाझरतंय म्हणजे पॅकिंगला दोष देण्याआधी ब्रीदर बघा. क्रँककेसमधून निघणाऱ्या नळीच्या टोकाला चोचीसारखा रबरी व्हॉल्व असतो, डकबिल म्हणतात त्याला. पिस्टन खाली येताना हवा बाहेर जाऊ देतो, वर जाताना ओठ मिटून हवा आत येऊ देत नाही. तो काढून टाकला किंवा रबर कडक झालं की क्रँककेसमध्ये दाब राहतो आणि ऑइल मिळेल त्या फटीतून बाहेर येतं. हे रबर किरकोळ किमतीत मिळतं. आधी ते बदला, मग किती पाझर उरतो ते बघून पॅकिंगला हात घाला.

चेनकेसचं झाकण एकाच नटवर बसतं. पाझर थांबेना म्हणून तो नट आवळत राहिलात की झाकण वाकतं आणि पाझर वाढतो. रबरी रिंग नवी टाका, झाकण काचेवर ठेवून सपाट आहे का बघा. आत ४२० मिली २०डब्ल्यू-५० ऑइल. त्याहून जास्त भरू नका, क्लच घसरतो.

गाडी महिनोन्‌महिने उभी असेल तर ऑइलच्या टाकीतलं ऑइल पंपातून झिरपून क्रँककेसमध्ये साचतं. किक मारण्याआधी क्रँककेसचा ड्रेन बोल्ट उघडून ते काढा. नाहीतर पहिल्या फायरिंगला धुराचा लोट आणि ब्रीदरमधून ऑइलची धार.

उद्यमनगरी:
इंजिन खोलणारच असाल तर बोअर (सिलिंडरचा आतला व्यास) मोजा. ३५० चा मूळ बोअर ७० मिमी, स्ट्रोक ९० मिमी, म्हणून ३४६ सीसी. पिस्टनच्या डोक्यावर २०, ४० किंवा ६० कोरलेलं असेल तर तेवढे थाउ (इंचाचा हजारावा भाग) ओव्हरसाइज झालंय. ४० म्हणजे साधारण १ मिमी. ६० वर असेल आणि ब्लॉकमध्ये खाच दिसली तर पुढचा बोअर न करता स्लीव्ह टाकून परत स्टँडर्ड मापावर आणा. तुम्हाला मूळ अवस्थाच हवी आहे, तर हाच मार्ग मला योग्य वाटतो.

डिकॉम्प्रेसर जरूर परत बसवा. अँपिअर मीटर आणि डिकॉम्प्रेसर ही जोडी किक मारण्यासाठीच आहे. इग्निशन चालू करून किक हळू दाबायची, अँपिअर मीटरचा काटा मधोमध आला की पॉइंट (ठिणगीची वेळ ठरवणारे संपर्क) उघडले. मग डिकॉम्प्रेसर ओढून पिस्टन किंचित पुढे न्यायचा, सोडायचा आणि एक पूर्ण किक. या दोन्ही वस्तू नसल्या की लोक अंदाजाने किक मारतात आणि उलटी किक घोट्यावर बसते.

पॉइंटचा गॅप ०.३५ ते ०.४० मिमी. टायमिंग: ऑटो ॲडव्हान्स पूर्ण मागे असताना, पिस्टन वरच्या टोकाच्या ०.८ मिमी आधी पॉइंट नुकते सुटले पाहिजेत. पॉइंटमध्ये सिगारेटच्या चंदेरी वेष्टनाखालचा पातळ कागद धरा आणि हलका ओढत राहा, सुटतो तो क्षण बरोबर कळतो. टॅपेट थंड इंजिनावर: पुशरॉड (व्हॉल्व उघडणारी दांडी) दोन बोटांत सहज फिरला पाहिजे, पण वर-खाली अजिबात हलता कामा नये.

कराडची_धकधक:
खूप आभार. डकबिल खरंच नव्हतं, नळी तशीच उघडी होती. एक अडचण: नवीन स्टँडर्ड सायलेन्सर लावला, फिल्टरची पेटीही मिळाली. तेव्हापासून गाडी मिसिंग मारते, अर्ध्या थ्रॉटलच्या पुढे ओढत नाही, प्लग काजळीने काळाकुट्ट.

उद्यमनगरी:
जेट (कार्बोरेटरमधून पेट्रोल मोजून सोडणारा बारीक भोकाचा पितळी तुकडा) बघा. उघडा फिल्टर आणि मोकळा सायलेन्सर लावला की हवा जास्त जाते, म्हणून मेन जेट मोठा टाकतात. आता हवा परत मूळ मापाची झाली, जेट मात्र मोठाच राहिला. मिककार्ब व्हीएम२४ कार्बोरेटर असेल तर मेन जेट ९०, पायलट २५, सुईची क्लिप मधल्या खाचेत, इथून सुरू करा. आकडा जेटवर कोरलेला असतो, भिंगाने वाचा. त्या बारीक पितळी भोकात तार घातलेली असेल तर आकडा ९० असूनही भोक मोठं झालेलं असतं. नवाच जेट घ्या. हवेचा स्क्रू दीड फेरी उघडून ठेवा आणि गाडी पूर्ण तापल्यावर पाव-पाव फेरीने जुळवा. फिल्टर, सायलेन्सर आणि जेट या तिन्ही गोष्टी एकत्रच बदलायच्या असतात.

कृष्णाकाठ:
आरसीबद्दल कुणी बोललं नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार आरसीवरच्या कंपनीच्या तपशिलाशी विसंगत बदल करता येत नाहीत, म्हणजे तुम्ही गाडी कायद्याच्याच बाजूला आणताय. जुन्या गाडीच्या आरसीचं नूतनीकरण फॉर्म २५ वर, दर ५ वर्षांनी, तपासणीसह. व्हिंटेज नोंदणीचा २०२१ चा नियम ५० वर्षांपुढच्या गाड्यांना आहे, तुमची त्यात २०३६ ला बसेल. त्या नियमात चेसी आणि इंजिनात मोठे बदल झालेले चालत नाहीत, म्हणून आजच्या कामाचे फोटो आणि बिलं जपून ठेवा.

कळकळीची विनंती: चेसी नंबरला हात लावू देऊ नका. कापलेल्या चेसीऐवजी दुसरी अख्खी चेसी आणून तिच्यावर नंबर कोरून देतो म्हणणारे भेटतील. तो सरळ गुन्हा आहे आणि गाडी कायमची जाते. सँडब्लास्टिंगच्या आधी नंबरावर जाड टेप लावा. पावडर कोट तिथे पातळ ठेवायला सांगा. नाहीतर तपासणीच्या वेळी कागद ठेवून पेन्सिल घासली की आकड्याऐवजी नुसता करडा डाग उमटतो.

टाकीचा रंग काढण्याआधी जुन्या सोनेरी रेघांवर ट्रेसिंग पेपर ठेवून उतरवून घ्या. कंपनीत त्या हाताने ब्रशने ओढत. स्टिकर लावलेली टाकी लांबूनच ओळखू येते.

कराडची_धकधक:
प्लगचा रंग आता विटकरी आला, जेट १२० चा निघाला. पाइपांना टाके मारलेत, पूर्ण वेल्डिंग बाकी आहे. दोन्ही १९ इंची चाकं चढवून ती एका रेषेत आहेत का बघायला दोरी लावली. मागच्या टायरच्या दोन्ही बाजूंनी ओढलेली दोरी पुढच्या टायरला उजवीकडे चिकटते आणि डावीकडे ६ मिमी लांब राहते. चेसी वाकडी आहे का?

पुशरॉड:
इतक्यात तसं म्हणू नका, या क्रमाने जा. मागच्या ॲक्सलचे, साखळीचा ताण जुळवणारे गोगलगायीसारखे दोन्ही कॅम सारख्याच खाचेत आहेत का? एका खाचेचा फरक पुढच्या चाकापर्यंत पोचता पोचता एवढा सहज होतो. ते बरोबर असेल तर चाक फिरवून रिमपासून स्विंग आर्मच्या दोन्ही बाजूंचं अंतर मोजा, तारा ओढणाऱ्याने रिम एका बाजूला ठेवली असू शकते. तेही ठीक असेल तर खालच्या क्लँपचे बोल्ट आणि पुढचा ॲक्सल ढिला करा, पुढचा ब्रेक दाबून गाडी चार-पाच वेळा दाबा-सोडा, मग खालून वर आवळत या आणि परत दोरी लावा. एवढं करूनही ६ मिमी राहिले, तरच स्विंग आर्मचे बुश आणि तुमचे मागचे टाके तपासा. तोवर पूर्ण वेल्डिंग थांबवा.